भिंतीवरची शेपटं

शुभा बोकारेला कुणी सवलत देऊ केली की तिचं डोकं फिरतं. टेक्ससमधल्या प्लेनोच्या मराठी मंडळात ज्येष्ठांसाठी पहिली रांग राखून ठेवतात, तर ही मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसते आणि तिथून मान उंच करकरून नाटक बघते. वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट एक इंच, माहेर नागपूरचं, त्यामुळे बोलणं तिखट आणि हातचा मसाला त्याहून तिखट. गेली बावीस वर्षं ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पेशंटांच्या गाठींचे काप काढते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते काचेवर चढवते आणि वर नाव, तारीख, नंबर लिहिते. हात थरथरला तर काप वाया जातो, आणि लेबल चुकलं तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर लागतो. या कामाने तिला हाताची स्थिरता दिली आणि लेबलाचा धाक दिला.

आणि दर नोव्हेंबरात ही बाई हरणांच्या शिकारीला जाते.

मंडळात याची चर्चा झाली नसती तरच नवल. नवरा प्रसन्न दर गुरुवारी उपास करणारा सज्जन माणूस, त्याला गाठून लोक हळूच विचारत, "अहो, हे काय काढलंय वहिनींनी?" तो म्हणे, "ती शिकारीला जाते, मी त्या दिवशी घर झाडतो." यावर लोक 'बरं बरं' म्हणत सटकत. पण शुभाने हरणाचं सावजी केल्याची बातमी लागली की हीच मंडळी रिकामा डबा घेऊन दारात हजर. तेव्हा कुणाच्या तत्त्वांना काही होत नसे.

सुरुवात हॉस्पिटलातच झाली. शाळेत असताना शुभाने एनसीसीत रायफल चालवली होती, जिल्ह्यात दुसरी आली होती. पुढे लग्न, अमेरिका, मुलगी रुही, तिची शाळा, तिचं कॉलेज, या सगळ्यात ते मेडल कुठल्या बॅगेत राहिलं ते देवाला ठाऊक. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती ही गोष्ट सांगत होती आणि शेजारच्या टेबलावर वॉल्ट काल्डर बसला होता. वॉल्ट म्हणजे हॉस्पिटलचे बॉयलर सांभाळणारा मेकॅनिक, उंचापुरा, कमी बोलणारा. त्याने तिला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. पस्तीस वर्षांनी हातात रायफल घेतलेल्या बाईने पाच गोळ्या चहाच्या कपाएवढ्या जागेत घातल्या. वॉल्टने कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "शनिवारी काय करतेस?"

पण बंदूक निवडताना एक अडचण होती. त्याच्या दोनच वर्षं आधी हायवेवर एका पिकअपने शुभाची गाडी ठोकली होती. उजव्या खांद्याच्या कॉलरबोनमध्ये तेव्हापासून एक पट्टी आहे आणि सात स्क्रू. मोठ्या रायफलचा दणका बसला तर ते सगळं पुन्हा उघडावं लागेल, असं सर्जनने बजावलं होतं. म्हणून वॉल्टने तिला टू-ट्वेन्टी-थ्री दिली. गोळी पेन्सिलीहून बारीक, धक्का लहान मुलाने ढकलावं इतका. टेक्ससमध्ये ती हरणाला कायद्याने चालते, पण कायद्याने चालणं वेगळं आणि चारचौघांत चालणं वेगळं. शिकारीच्या कॅम्पमधले बाकीचे बोटाएवढ्या गोळ्या घेऊन येत आणि शुभाच्या बंदुकीला 'खेळणं' म्हणत.

हा कॅम्प प्लेनोहून तीन तासांवर, सॅन सबाच्या बाजूला. एका रँचवाल्याची सहाशे एकर मेस्कीटची जमीन. मेस्कीट म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळच, तेच काटे आणि तोच हट्ट. आठ जण मिळून ती जमीन हंगामापुरती घेतात, त्याला लीज म्हणतात. जागोजागी लाकडी मचाणं आहेत, मध्ये पत्र्याच्या छताची एक खोली आहे, आणि सगळ्यांचा म्होरक्या वॉल्ट. आठ वर्षांत शुभा तिथली झाली होती. त्या मचाणावर तिला कुणी काकू म्हणत नसे, कुणाचा रिपोर्ट तिच्यासाठी खोळंबलेला नसे. पहाटेचा गारठा, गुडघ्यांवर रायफल, आणि समोर उजाडत जाणारं रान. देवळात जे मिळायला हवं आणि मिळत नाही ते मला तिथे मिळतं, असं ती प्रसन्नला एकदा म्हणाली होती. त्यावर त्याने मान डोलावली.

लहान बंदुकीने तिला शिस्त लावली. सव्वाशे यार्डांपलीकडे गोळी नाही. चालत्या हरणावर नाही. हरीण पूर्ण आडवं, पुढचा पाय पुढे ठेवून उभं राहत नाही तोवर बोट ट्रिगरवर जायचं नाही. "छोटी गोळी माणसाला माज करू देत नाही," ती म्हणायची. कित्येक शनिवार ती रिकाम्या हाताने परत यायची. पण आठ वर्षांत पडलेली अकरा हरणं साठ पावलांच्या आत पडली होती. एकालाही शोधत फिरावं लागलं नव्हतं.

आता त्या कॅम्पची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हरणावर नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. त्या टोकाला तिकडे शेपूट म्हणतात. टेक्ससमध्ये अशी रीत बऱ्याच ठिकाणी असते. वॉल्टच्या कॅम्पमध्ये त्यात एक भर होती. शेपटावर मार्करने नाव, तारीख आणि बंदूक लिहायची. वॉल्टची स्वतःची सहा होती. शुभाचं एकही नव्हतं. बाकीचे पुरुष शर्ट बाहेर सोडून फिरत, शुभाचा मात्र अलीकडे नेहमी पॅन्टमध्ये घट्ट खोचलेला. सगळ्यांना वाटे, लॅबची सवय असेल.

दोन वर्षांपूर्वी तिनेच केदारला लीजवर आणलं. केदार मूळचा पुण्याचा, अडतिसाव्या वर्षी एका कंपनीत डायरेक्टर झालेला हुशार मुलगा. अपघातानंतर त्याची बायको आसावरी महिनाभर शुभाकडे डबा पाठवत होती. अशा घरचा मुलगा 'काकू, मलाही शिकायचंय' म्हणाला तर नाही कसं म्हणणार? पण केदार कुठलीही गोष्ट आधी वाचतो आणि मग करतो. त्याने चार महिने फोरम वाचले, तक्ते केले आणि सगळ्यात मोठी बंदूक घेतली, थ्री हंड्रेड मॅग्नम. ती हत्तीला पुरेल अशी होती. दोन हंगामांत त्याची तीन शेपटं भिंतीवर लागली.

या नोव्हेंबरात दुसऱ्या आठवड्याला ओढ्याकाठी एक मेलेलं हरीण सापडलं. चार-पाच दिवसांचं असावं, गिधाडांनी बरंचसं संपवलेलं. कुणाची तरी गोळी लागून ते पळालं असावं आणि तिथे जाऊन तडफडत मेलं असावं. गोळी मिळाली नाही, जखम उरली नव्हती, आणि ते कुणाचं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. शुभाने त्या हंगामात एकच गोळी झाडली होती आणि त्या गोळीचं हरीण तिच्या फ्रीझरमध्ये होतं. तरी सगळ्यांच्या नजरा कुठे वळल्या ते सांगायला नको. उंट मेला की खापर शेळीवर फोडण्यातला हा प्रकार.

चार दिवसांनी केदारने लीजच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला. कुठली गोळी किती अंतरावर किती जोराने लागते, सगळे आकडे रंगवलेले. खाली प्रस्ताव होता, पाव इंचाहून बारीक गोळीला पुढच्या हंगामापासून बंदी. आठ जणांत पाव इंचाहून बारीक गोळी एकाच व्यक्तीची होती. मतदान शनिवारी दुपारी.

बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. शुभा पोळ्या लाटत होती, तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"काकू, प्लीज पर्सनली घेऊ नका," केदार म्हणाला. "इट्स अबाउट द ॲनिमल. आणि मी वॉल्टशी बोललोय. तुमच्या शोल्डरमुळे तुम्हाला मेडिकल एक्सेप्शन देऊ. सगळे रेडी आहेत."

"म्हणजे माझी बंदूक हरणाला त्रास देते, पण माझा खांदा दुखतो म्हणून हरणाने तेवढं सोसायचं?"

"तसं नाही काकू..."

"काहून तसं नाही? बंदूक वाईट असेल तर मलाही नको. चांगली असेल तर नियम नको. मधलं काही नाही, केदार." आणि पिठाच्या बोटाने तिने फोन बंद केला.

त्या रात्री पोळ्या जाड झाल्या. प्रसन्नने मुकाट्याने खाल्ल्या आणि नंतर म्हणाला, एक्सेप्शन घे ना, तुझं जाणं तर चालू राहील. शुभाला राग आला आणि रागाच्या खाली भीती होती. नियम झाला आणि तिने सवलत नाकारली तर मचाण गेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवं मचाण कोण देणार? पण दयेवर मिळालेल्या मचाणावर बसून आपल्याला समोरचं रान दिसणार नाही, हेही तिला तेवढंच पक्कं कळत होतं.

शनिवारी ती एकटीच निघाली. गाडीत तिने सगळा बेत आखला. भिंतच साक्षीला उभी करायची. तिच्यावर त्रेचाळीस शेपटं होती, प्रत्येकावर बंदुकीचं नाव, आणि टू-ट्वेन्टी-थ्रीचं एकही नाही. मोठी बंदूक दणका देते, दणक्याच्या धास्तीने माणूस आधीच डोळे मिटतो आणि नेम जातो. हे तक्त्यात नसतं, भिंतीवर असतं. बेत पक्का होता.

फक्त त्यात एक खोट होती, आणि ती एकट्या शुभाला माहीत होती.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, ती सगळे नियम विसरली होती. हरीण दीडशे यार्डांपलीकडे होतं, चालत होतं, वारा होता आणि तिला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. तिने गोळी झाडली. हरीण उडालं आणि गेलं. काळोख पडेपर्यंत ती झुडपांत वाकून रक्त शोधत राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळभर शोधलं. शेवटी गोळी सापडली ती एका मेस्कीटच्या खोडात रुतलेली, हरणाच्या वाटेपासून हातभर लांब. हरणाला लागलं नव्हतं हे पाहून ती तिथेच खाली बसून रडली. पण कॅम्पवर वॉल्टने विचारलं, काल आवाज आला, काय होतं? तेव्हा ती म्हणून गेली, रानडुक्कर. रानडुक्कर तिथे कुणीही केव्हाही मारतं, आणि त्यावर नेम चुकला तर शेपूट कापत नाहीत. आठ जणांतली एकटी बाई, एकटी तपकिरी कातडीची, खेळण्याची बंदूक घेऊन आलेली. आपलं शेपूट लागलं तर सगळे म्हणतील, सांगितलं नव्हतं का? म्हणून ती खोटं बोलली. तेव्हापासून तिचा शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला होता.

दुपारी आठही जण पत्र्याच्या खोलीत जमले. टेबलावर मिरचीचं लोणचं आणि बिअर. केदारने लॅपटॉप उघडून तक्ता समजावला आणि नीट समजावला, उगाच नाव ठेवायला जागा नव्हती. लहान गोळीला चुकायला जागा नसते, तो म्हणाला, आणि माणूस चुकतोच. मग त्याने सवलतीचं सांगितलं. दोघातिघांनी शुभाकडे बघून मान हलवली, आजारी माणसाकडे बघून हलवतात तशी.

शुभा उठली. सवलत नको, तिने सांगितलं, आणि ती भिंतीपाशी गेली. चष्मा लावला आणि लॅबमध्ये काचा वाचते तशी एकेक शेपूट वाचू लागली. नावं घेतली नाहीत, फक्त बंदुका. थर्टी-ऑट-सिक्स. थ्री हंड्रेड मॅग्नम. टू-सेव्हन्टी. पुन्हा थर्टी-ऑट-सिक्स. आधी कुणीतरी हसलं, मग कुणी हसलं नाही. त्रेचाळीस वाचायला बराच वेळ लागला. शेवटी वॉल्टच हिशेब केल्यासारखा म्हणाला, "आणि टू-ट्वेन्टी-थ्री एकही नाही."

केदार लॅपटॉपवरचा तक्ता वरून खाली चाळू लागला. एक जण टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, मला वाटतं झालं हे. शुभा जिंकली होती. तिने फक्त खुर्चीवर जाऊन बसायचं होतं.

ती बसली नाही. लेबल चुकीचं होतं, आणि बावीस वर्षांत चुकीचं लेबल लावून तिने एकही काच पुढे पाठवली नव्हती. भिंतीशेजारच्या खिळ्याला कात्री टांगलेली असे, ती तिने काढली. पॅन्टमध्ये खोचलेला शर्ट मागून उपसला, हात मागे नेला आणि कापायला लागली. वाकड्या हाताने, उजवा खांदा दुखत असताना. कुणाला काही कळेना. वॉल्ट उठून पुढे आला तर तिने त्याला हातानेच थांबवलं.

तुकडा टेबलावर पसरून तिने मार्करने लिहिलं. शुभा बोकारे. चार वर्षांपूर्वीची जानेवारीतली तारीख. टू-ट्वेन्टी-थ्री. मग खिळा ठोकला आणि वळली.

"ते रानडुक्कर नव्हतं, वॉल्ट," ती म्हणाली. "हरीण होतं. लांब होतं, चालत होतं, मी झाडायला नको होती. चुकले आणि खोटं बोलले. बंदूक चुकली नाही. आता त्रेचाळीसला एक असा हिशेब आहे. बघा पटतो का, आणि मग मत द्या. नियम झाला तर मी आजच सामान उचलते. दया कुणी करायची नाही."

तिची मान ताठ होती. मग वॉल्टने मत मागितलं. नियमाच्या बाजूने तीन हात वर गेले आणि त्यांत केदारचा होता. त्याने तो शुभाच्या डोळ्यांत बघून वर केला आणि खाली घेतला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. पटत नसताना लाजेपोटी हात खाली ठेवणाऱ्यापेक्षा हा बरा, असं तिने मनात म्हटलं. विरुद्ध पाच. नियम पडला.

शुभा खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात वॉल्ट म्हणाला, "थांब." त्याच्या हातात कात्री होती.

"ते शेपूट चुकल्याचं," तो म्हणाला. "खोटं बोललीस त्याचं राहिलं."

तिने त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, दयाही नव्हती. सगळ्यांना लावतो तोच नियम तो तिला लावत होता. शुभाने शर्टाचं पुढचं टोक स्वतःच्या हाताने बाहेर काढून ताणून धरलं आणि त्याने ते खटकन कापलं. पंचेचाळिसावं शेपूट चव्वेचाळिसाव्याशेजारी लागलं. त्यावर वॉल्टने स्वतः लिहिलं, शुभा, रानडुक्कर. आता मात्र खोली हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने शुभा.

निघताना केदार जवळ आला. "काकू, मला अजूनही वाटतं तुमची बंदूक छोटी आहे," तो म्हणाला.

"वाटू दे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी माझ्यासोबत रेंजवर ये. ती घेऊन पाच गोळ्या झाड, डोळे उघडे ठेवून. मग सांग."

चार वाजता ती तिच्या मचाणाकडे निघाली. उत्तरेचा गार वारा सुटला होता आणि पाठीला, पोटाला थेट लागत होता. टू-ट्वेन्टी-थ्री डाव्या खांद्याला होती, आणि मागून-पुढून कापलेला शर्ट तिने आत खोचला नव्हता.